न संपणारा सूर: सॅम्पलरमध्ये पॅड आणि ड्रोन कसे घडवायचे

एकदा मी स्वतःच्याच आवाजाचा पॅड तयार केला. मंद, उबदार, लांबलेला ‘आ’. ऐकायला झकास होता. दोन मिनिटांनी लक्षात आलं की कुठेतरी खुर्ची करकरतेय. मी उठून खुर्ची सरकवली, तरी करकर चालूच. ती रेकॉर्डिंगमध्येच होती. गाताना मी जरासा हललो होतो, तेवढंच. पण तोच तुकडा पुन्हा पुन्हा वाजवणारा लूप तिला दर आठ सेकंदांनी इमानेइतबारे हजर करत होता. एकदा ती कानात बसल्यावर मला पॅड ऐकूच येईना, नुसती खुर्ची.

अँबियंट, म्हणजे पार्श्वभूमीत पसरून राहणारे, आवाज घडवण्यातली निम्मी मेहनत अशा खुर्च्यांपायी जाते. पॅड म्हणजे संगीताच्या मागे पसरलेला, हळू उमलणारा आणि हळूच विरणारा आवाज. तो सहसा कॉर्डमध्ये, म्हणजे एकत्र दाबलेल्या स्वरांत, वाजतो. ड्रोन म्हणजे एकच स्वर किंवा एकच स्वरजोडी धरून ठेवलेला नाद, जो बदलतो फक्त आतल्या आत. दोन्हींमध्ये कानाला दोन गोष्टी कळता कामा नयेत: आवाज नेमका कधी सुरू झाला, आणि तो कधी मागे फिरून पुन्हा तेच बोलू लागला. खाली जे सांगतोय ते सगळं या लपवाछपवीसाठीच आहे.

ही लपवाछपवी कम्प्युटरच्या आधीची आहे. १९४८ साली पॅरिसमध्ये, फ्रेंच रेडिओच्या स्टुडिओत, पिएर शेफर तबकड्यांवर प्रयोग करत होता. घंटेच्या आवाजातला ठोका वगळून फक्त मागचा नाद ऐकला, तर ती घंटा वाटतच नाही, हे त्याने पाहिलं. तबकडीवरची खाच पुढे न जाता स्वतःलाच मिळाली, की सुई त्याच वर्तुळात फिरत राहते आणि तोच तुकडा अखंड वाजतो, हेही त्याने वापरलं. मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या तबकडीवर अशी एक फेरी पाऊण सेकंदाची होते. कापलेली घंटा आणि बंद खाच. आपण आज माऊसने जे करणार आहोत ते याहून फार वेगळं नाही.

काय लागतं

सॅम्पलर, म्हणजे रेकॉर्ड केलेला तुकडा (सॅम्पल) कीबोर्डच्या वेगवेगळ्या स्वरांवर वाजवणारं सॉफ्टवेअर, कुठलाही चालतो. संगीताचं सॉफ्टवेअर म्हणून तुमच्याकडे एबलटन लाइव्ह असेल तर सिंपलर आहे, लॉजिक प्रो असेल तर क्विक सॅम्पलर आहे. वेगळं काही हवं असेल तर टीएक्स१६डब्ल्यूएक्सची मोफत आवृत्ती मिळते. कॉन्टॅक्ट असेल तर उत्तमच, पण फक्त या कामासाठी ते विकत घ्यायची गरज नाही. सॅम्पलरमध्ये एवढ्या सोयी हव्यात: लूपला क्रॉसफेड (दोन टोकं एकमेकांत मिसळणं), एक फिल्टर (आवाजाचा काही भाग गाळणारा), आवाजासाठी एन्व्हलप (तो कसा चढतो-उतरतो ते ठरवणारा) आणि शक्यतो दोन एलएफओ (एखादं सेटिंग आपोआप सावकाश वर-खाली करणाऱ्या लहरी). यासोबत ऑडॅसिटीसारखा साधा ऑडिओ एडिटर आणि बरे हेडफोन. माइक म्हणून मोबाइलचा रेकॉर्डरसुद्धा सुरुवातीला पुरतो.

कच्चा आवाज

नवा माणूस पहिली चूक इथे करतो: आधीच पॅडसारखा असलेला आवाज शोधत बसतो. त्याची गरज नाही. ग्लासच्या कडेवरून ओलं बोट फिरवा, गिटारची तार छेडून तिचा नाद पूर्ण विरू द्या, पेटीची एक पट्टी धरून ठेवा, नाहीतर सरळ गा. ज्या आवाजाला स्पष्ट स्वर आहे आणि वर थोडी खरखर, श्वास किंवा घासणं आहे, तो सगळ्यात चांगला. अगदी स्वच्छ आवाज लूपमध्ये गेल्यावर निर्जीव वाटतो. ती खरखरच पुढे कामाला येते.

रेकॉर्डिंग लांब करा. तीन सेकंदांचा तुकडा म्हणजे पुढे कटकटच. वीस-तीस सेकंद मिळाले तर लूप कुठे लावायचा हे निवडता येतं. २४ बिटमध्ये करा आणि सर्वोच्च पातळी वजा १२ डेसिबलच्या आसपास ठेवा. सॅम्पल रेटबद्दल लोक भांडतात, पण इथे त्याला एक खरं कारण आहे. ४४.१ किलोहर्ट्झच्या रेकॉर्डिंगमध्ये साधारण २२ किलोहर्ट्झपर्यंतचाच आवाज साठतो. ते दोन सप्तकं खाली वाजवलं की सगळं चौथाई होतं, म्हणजे वरची हद्द साडेपाच किलोहर्ट्झवर येते आणि आवाज घोंगडीखालून आल्यासारखा वाटतो. ९६ किलोहर्ट्झवर रेकॉर्ड केलं आणि माइकनेही वरचं टिपलं असेल, तर दोन सप्तकं खाली आल्यावरही १२ किलोहर्ट्झपर्यंत काहीतरी शिल्लक राहतं. आवाज खूप खाली ओढायचा बेत असेल तरच एवढी उठाठेव करा.

गात असाल तर कंप टाळा. सॅम्पलर स्वर वर नेतो तेव्हा तो सगळंच वेगाने वाजवतो, त्यामुळे सावकाश कंपही वर गेल्यावर बकरीसारखा होतो. आणि खुर्चीवरून उठून उभे राहा. हे मी अनुभवाने सांगतोय.

डोकं उडवा

एखादं वाद्य आपण ओळखतो ते बरंचसं त्याच्या सुरुवातीवरून. तार छेडल्याची टक, हातोडीचा आघात, ओठांतून सुटलेली हवा. शेफरच्या घंटेचा धडा हाच: सुरुवातीचं पाव ते अर्धं सेकंद कापून टाका. गिटारचा आघात काढला तर उरलेला नाद पियानोचा आहे, घंटेचा आहे की आणखी कशाचा, हे लगेच सांगता येत नाही. नेमकी हीच संदिग्धता पॅडला हवी असते.

कापल्यावर तिथे फेड-इन द्या, म्हणजे आवाज शून्यातून चढवा, नाहीतर क्लिक होईल. अगदी २० मिलिसेकंदांचा पुरतो. मोठा उतार पुढे एन्व्हलप देईलच.

मूळ स्वर सांगणे

सॅम्पलरला हा तुकडा कुठल्या स्वराचा आहे ते सांगावं लागतं. त्याला रूट की म्हणतात. इथे एक गंमतीदार सापळा आहे. मिडी, म्हणजे कीबोर्ड आणि सॉफ्टवेअर यांच्यातली भाषा, प्रत्येक पट्टीला क्रमांक देते. तिचा ६० क्रमांक, म्हणजे कीबोर्डच्या मधला सी, कुणाकडे सी-३ असतो, कुणाकडे सी-४, आणि एफएल स्टुडिओत तर सी-५. त्यामुळे एका ठिकाणी फाइलच्या नावात लिहिलेला स्वर दुसरीकडे उघडल्यावर एक-दोन सप्तकं चुकतो. शंका आली तर मिडी क्रमांक बघा, तो बदलत नाही.

स्वर ट्यूनरवर तपासा आणि सेंटमध्ये जुळवा. एका सेमीटोनमध्ये १०० सेंट असतात. आसपासच्या यंत्रांचे आवाज वापरायला गेलात तर हे काम टाळता येत नाही. वीज ५० हर्ट्झची असेल तिथे फ्रिजची घरघर सहसा १०० हर्ट्झवर ठळक असते. हा आवाज जी या स्वराच्या ३५ सेंट वर बसतो, म्हणून तो ३५ सेंट खाली ओढावा लागतो. जिथे वीज ६० हर्ट्झची, तिथे १२० हर्ट्झ मिळतात, आणि ते ए शार्प व बी यांच्या जवळपास मधोमध पडतात. तिथे कुठल्या बाजूला जायचं ते तुम्ही ठरवा.

लूप: इथे घाई नको

१९६३ पासून बनत आलेल्या मेलोट्रॉन या वाद्यात प्रत्येक पट्टीखाली टेपची एक पट्टी असायची, सुमारे आठ सेकंदांची. आठ सेकंद दाबून धरलं की टेप संपायची आणि आवाज बंद. वाजवणारे त्याआधी बोट उचलून स्वर बदलत राहायचे. लूपने आपली त्यातून सुटका केली, पण त्या बदल्यात सांधा आला. लूपचा शेवट जिथे सुरुवातीला मिळतो तो सांधा झाकणं म्हणजेच लूप लावणं.

सॅम्पलमध्ये असा भाग शोधा जिथे आवाजाची पातळी आणि रंग फारसे बदलत नाहीत. लूपची लांबी निदान चार सेकंद, जमल्यास आठ-दहा ठेवा. अर्ध्या सेकंदाचा लूप गरगर फिरल्यासारखा ऐकू येतो. कान इतक्या कमी वेळातली पुनरावृत्ती ताल म्हणून पकडतो.

आता क्रॉसफेड. यात सॅम्पलर लूपच्या शेवटाआधीचा भाग हळूहळू उतरवतो आणि त्याच वेळी लूपच्या सुरुवातीआधीचा भाग चढवतो. ‘सुरुवातीआधीचा’ हा शब्द महत्त्वाचा. लूप फाइलच्या अगदी तोंडाशी सुरू केलात तर त्याआधी काहीच नसतं, आणि क्रॉसफेडची मर्यादा वाढतच का नाही म्हणून तुम्ही डोकं खाजवत बसता. तीन सेकंदांचा क्रॉसफेड हवा असेल तर लूप चौथ्या सेकंदापासून सुरू करा. लांब रेकॉर्डिंग करा म्हटलं ते याचसाठी.

क्रॉसफेडचे दोन प्रकार दिसतील: सरळ रेषेचा आणि समान शक्तीचा. खरखर, श्वास, गर्दीचा आवाज, म्हणजे दोन टोकं एकमेकांशी जुळत नाहीत असं काही असेल, तर समान शक्तीचा घ्या. तिथे सरळ रेषेचा लावलात तर मधोमध ३ डेसिबलचा खड्डा पडतो. उलट दोन्ही टोकांचे तरंग जवळजवळ सारखे असतील, तर समान शक्तीचा मधे ३ डेसिबलचा उंचवटा करतो आणि सरळ रेषेचा बरा ठरतो. पाठ करायची गरज नाही. डोळे मिटून ऐका. आवाज मधेच खचला किंवा फुगला, तर दुसरा प्रकार लावून बघा.

कधी कधी प्रकार बदलूनही आवाज सांध्यापाशी पोकळ होतो. याचं कारण फेज: एक तरंग वर जात असतो तेव्हा दुसरा खाली, आणि दोघे एकमेकांना खाऊन टाकतात. लूपचा शेवट अगदी किंचित सरकवा. ११० हर्ट्झच्या स्वराची एक लाट सुमारे ९ मिलिसेकंदांची असते, त्यामुळे साडेचार मिलिसेकंद सरकवलं तरी उलटं सुलट होतं.

गिटार, पियानो, घंटा यांचा आवाज सतत विरत असतो, त्यामुळे शेवट सुरुवातीपेक्षा हळू आणि बोथट असतो. अशा सॅम्पलचा लूप दर फेरीला धप्पकन उजळतो. त्यावर जुना, मला फार आवडणारा उपाय आहे. आधी एडिटरमध्ये पातळी हाताने सपाट करा, म्हणजे विरत जाईल तसा आवाज वाढवत न्या. मग तुकडा बरोबर मधोमध कापा आणि दोन अर्ध्यांची जागा बदला: दुसरा आधी, पहिला नंतर. आता मधल्या सांध्यावर, जिथे जुना शेवट जुन्या सुरुवातीला भेटतो, लांब क्रॉसफेड द्या. नव्या फाइलची सुरुवात आणि शेवट हे मूळ आवाजात एकमेकांना चिकटलेलेच होते, म्हणून ती पहिल्यापासून शेवटपर्यंत लूप केली की तिथे सांधाच उरत नाही. एकमेव सांधा मधे आहे आणि तो तुम्ही स्वतः सावकाश झाकलेला आहे.

तानपुऱ्याजवळ बसलेल्याला ही कल्पना नवी नाही. तिथेही तारा एकामागून एक छेडल्याच जातात, अखंड असं काहीच नसतं. पण एक नाद विरायच्या आत दुसरा त्यावर पसरतो, आणि ऐकणाऱ्याला मिळतो तो एकसंध सूर. लांब क्रॉसफेड म्हणजे तेच.

शेवटी हेडफोन लावून पूर्ण लूप तीन-चार वेळा ऐका आणि खुर्च्या शोधा: एखादी टिकटिक, गिळल्याचा आवाज, दूरचा हॉर्न. एरवी दुर्लक्षित झाला असता असा बारीक आवाजही लूपमध्ये ताल धरतो. तो कापा, किंवा लूपची जागा बदला.

एका सॅम्पलवर सगळा कीबोर्ड

चांगल्या पियानोच्या लायब्ररीत दर दोन-तीन स्वरांना वेगळं सॅम्पल असतं. पॅडला त्याची गरज नाही. उलट एकच सॅम्पल ताणण्यात एक छुपा फायदा आहे. सॅम्पलर स्वर वर नेण्यासाठी आवाज वेगाने वाजवतो, म्हणून लूपही आखूड होतो. रूट कीवर आठ सेकंदांचा लूप चार सेमीटोन वर ६.३५ सेकंदांचा होतो आणि सात सेमीटोन वर ५.३४ सेकंदांचा. म्हणजे साधा मेजर कॉर्ड धरलात तर तीन स्वर तीन वेगवेगळ्या वेळी मागे फिरतात. कान कोणाच्या फेरीवर बोट ठेवणार?

म्हणूनच सॅम्पलरमधली लांबी कायम ठेवणारी टाइम-स्ट्रेचची सोय बंद ठेवा. ती चालू असली की सगळे स्वर एकाच ठेक्यात वळतात आणि सगळी मेहनत वाया जाते. सप्तकाचा स्वर मात्र अपवाद आहे. आठाचे चार होतात, म्हणून खालचा एकदा फिरतो तेवढ्यात वरचा बरोबर दोनदा. सप्तकात दुप्पट करायचं असेल तर त्यासाठी वेगळं सॅम्पल वापरा.

एन्व्हलप

अटॅक (आवाज चढायला लागणारा वेळ) दोन सेकंद, रिलीज (पट्टी सोडल्यावर विरायला लागणारा वेळ) चार-पाच सेकंद, सस्टेन (पट्टी धरलेली असतानाची पातळी) पूर्ण. इथून सुरुवात करा. अटॅक सहा सेकंदांवर नेला की आवाज सुंदर उमलतो, पण कॉर्ड बदलताना तुमच्या बोटांपेक्षा मागे राहतो. मग बार सुरू व्हायच्या आधीच कॉर्ड दाबावा लागतो. लांब रिलीजमुळे जुना कॉर्ड नव्यावर सांडतो. दोघांत समान स्वर असतील तर ते छान लागतं, नसतील तर चिखल.

आणखी एक हिशेब करून ठेवा. चार स्वरांचा कॉर्ड, तीन थर (एकाच पट्टीवर एकत्र वाजणारी सॅम्पलं), आणि रिलीजमध्ये रेंगाळणारा मागचा कॉर्ड मिळून २४ आवाज एकाच वेळी वाजतात. सॅम्पलरची मर्यादा १६ वर असेल तर तो जुने आवाज मधेच तोडतो आणि क्लिक ऐकू येतात. लोक अशा वेळी लूप पुन्हा पुन्हा तपासत बसतात. आधी व्हॉइसची, म्हणजे एकाच वेळी वाजू शकणाऱ्या आवाजांची, संख्या तपासा.

हालचाल

लूप बिनसांध्याचा झाला, सुरुवात झाकली गेली, तरी आवाज मेलेला वाटू शकतो. खऱ्या वाद्यात काहीतरी सतत बदलत असतं. आपल्याला तो बदल इतका सावकाश हवा की चालू असताना जाणवू नये, पण बंद केला की लगेच उणीव भासावी. मी हीच कसोटी लावतो: एक एलएफओ बंद करून बघतो. काहीच फरक पडला नाही तर तो काढून टाकतो. तो चालू आहे हे मला मुद्दाम ऐकूच येत असेल, तर त्याची खोली अर्धी करतो.

लो-पास फिल्टर लावा, म्हणजे वरचा भाग गाळणारा. गाळणं जिथून सुरू होतं तो कटऑफ हजार हर्ट्झच्या आसपास, उतार सप्तकाला १२ डेसिबलचा. २४ चा उतार जास्त बंद वाटतो आणि त्यात फिल्टरचीच हालचाल ऐकू येते. रेझोनन्स (कटऑफपाशी आवाज ठळक करणारं बटण) जवळजवळ शून्य. आता ०.०७ हर्ट्झचा एक एलएफओ कटऑफला जोडा. त्याची एक फेरी सुमारे १४ सेकंदांची. दुसरा ०.११ हर्ट्झचा, नऊ सेकंदांचा, पॅनला (आवाज डावीकडे-उजवीकडे नेणारं सेटिंग) किंवा आवाजाच्या पातळीला, अगदी थोडा. दोघे मिळून पहिल्या स्थितीत परत यायला १०० सेकंद लागतात. हेच वेग ०.१ आणि ०.२ ठेवले असते तर दर दहा सेकंदांनी तेच चित्र आलं असतं. वेग निवडताना एकमेकांत भाग न जाणारे आकडे घ्या, आणि एलएफओ टेम्पोला बांधू नका.

एलएफओच्या सेटिंगमध्ये रीट्रिगर नावाचं बटण असतं. ते चालू असेल तर प्रत्येक पट्टी दाबल्यावर एलएफओ पहिल्यापासून सुरू होतो आणि दर कॉर्ड सारखाच उघडतो. बंद करा. सॅम्पलर प्रत्येक स्वराला वेगळा एलएफओ देत असेल तर दुधात साखर: कॉर्डमधला एक स्वर उजळत असताना दुसरा मावळतो.

सॅम्पलची सुरुवात कुठून व्हावी हे वेलॉसिटीला (पट्टी किती जोरात दाबली) किंवा रँडमला जोडता येतं. एकच पट्टी चार वेळा दाबली तर चार वेगवेगळ्या जागांवरून आवाज सुरू होतो. माझ्या मते नवशिक्यांनी सगळ्यात आधी ही सोय शोधावी. मेहनत शून्य, फरक मोठा. कीबोर्डवरचं मोड व्हील नावाचं चाक कटऑफला जोडून ठेवा. रेकॉर्ड करताना हाताने केलेली एक संथ उघडझाप कुठल्याही एलएफओपेक्षा जास्त जिवंत असते.

दुसरा थर आणि डीट्यून

तोच आवाज दुसऱ्या थरात घेऊन चार सेंटने हलवा. यालाच डीट्यून म्हणतात. दोन जवळच्या स्वरांमधून लहरी उठतात, त्यांचा वेग दोन्ही वारंवारतांच्या फरकाएवढा. २२० हर्ट्झवर चार सेंट म्हणजे सुमारे अर्धा हर्ट्झ, म्हणून दोन सेकंदांनी एक लहर. हाच फरक ८८० हर्ट्झवर सेकंदाला दोन लहरी देतो, आणि ५५ हर्ट्झवर आठ सेकंदांनी एक. म्हणून जे डीट्यून मधल्या सप्तकात मखमली वाटतं ते वर गेल्यावर थरथरतं. वरच्या थरांना डीट्यून कमी द्या, खालच्यांना जास्त चालतं.

दोन थर एकमेकांची नक्कल करत असतील तर दुसऱ्याची गरज नाही. मी सहसा एक थर स्वराचा, दुसरा नुसत्या खरखरीचा ठेवतो: श्वास, कागद घासल्याचा आवाज, वारा. हा दुसरा थर हाय-पास (खालचा भाग गाळणाऱ्या) फिल्टरने २ किलोहर्ट्झच्या वर ठेवायचा आणि इतका हळू की म्यूट केल्यावरच कळावं.

ड्रोन असेल तर

ड्रोनमध्ये कॉर्ड बदलत नाही, त्यामुळे कॉर्डची मदतही मिळत नाही. तीन तुकडे घ्या, प्रत्येक त्याच्या मूळ स्वरावरच वाजणारा: षड्ज, पंचम आणि वरचा षड्ज. त्यांचे लूप ७, ११ आणि १३ सेकंदांचे करा. हे तिघे एकत्र पहिल्या जागी यायला १००१ सेकंद, म्हणजे १६ मिनिटं ४१ सेकंद लागतात. तीन छोट्या फाइल्समधून एवढा न संपणारा सूर मिळतो.

कीबोर्डवरचा पंचम नैसर्गिक पंचमापेक्षा सुमारे दोन सेंट खाली असतो. कीबोर्डवर ७००, नैसर्गिक ७०२. गाण्यात ते खपून जातं, पण दहा मिनिटं चालणाऱ्या ड्रोनमध्ये नाही. ११० हर्ट्झच्या षड्जावर हा फरक दर पावणेतीन सेकंदांनी एक लहर उठवतो. पंचमाचा थर दोन सेंट वर चढवा आणि बघा, सगळा आवाज कसा स्थिरावतो. लहर हवी असेल तर तसाच ठेवा, पण ती तुमची निवड असू द्या.

खर्जात गर्दी करू नका. १५० हर्ट्झच्या खाली षड्ज-पंचम किंवा नुसता षड्ज. तिथे गंधार लावला की गुरगुर होते. आणि १२० हर्ट्झखालचं सगळं मोनो, म्हणजे डाव्या-उजव्या बाजूला सारखंच, ठेवा. मोनोत ऐकल्यावर आवाज पोकळ झाला, तर कुठेतरी थर एकमेकांना खात आहेत असं समजा.

रिव्हर्ब, आणि मग पुन्हा सॅम्पल

रिव्हर्ब (मोठ्या खोलीत घुमल्यासारखा परिणाम) वेगळ्या सेंडवर, म्हणजे मूळ आवाजाला समांतर वाटेवर, ठेवा, लांबी सहा ते दहा सेकंद, आणि त्यात जाणाऱ्या आवाजाचा २५० हर्ट्झच्या खालचा भाग कापा. लांब रिव्हर्बमध्ये खालचा भाग साचत जातो आणि सगळं मिक्स ओल्या गोधडीसारखं जड होतं. कमकुवत पॅड रिव्हर्बने सुधारतो असा समज आहे. तो सुधारत नाही, फक्त लांब जातो.

याउलट रिव्हर्बचा खरा उपयोग असा: मूळ आवाज पूर्ण बंद करून फक्त रिव्हर्बचा मिनिटभराचा आवाज फाइलमध्ये उतरवा आणि ती फाइल पुन्हा सॅम्पलरमध्ये टाका. त्यात आघात नावालाही नसतो, कडा आधीच झिजलेल्या असतात, आणि लूप जवळजवळ आपोआप बसतो. मग त्यावर नवा फिल्टर, नवे एलएफओ. दोन-तीन फेऱ्यांनंतर मूळ वस्तू काय होती हे तुम्हालाही आठवत नाही.

ऑडॅसिटीमधला पॉलस्ट्रेच हा परिणामही याच कामाचा आहे. चार सेकंदांचा तुकडा दहापट ताणला की चाळीस सेकंदांचं धुकं मिळतं. मात्र त्यात सगळेच आवाज एकसारखे गुळगुळीत होतात. हा एक थर म्हणून वापरा, सगळाच पॅड त्याचा केलात तर तो इतर हजारोंसारखा लागेल.

परीक्षा

पॅच, म्हणजे सॅम्पलरमधली ही सगळी मांडणी, सेव्ह करताना सॅम्पल त्याच्यासोबत एकाच फोल्डरमध्ये ठेवा आणि फाइलच्या नावात मिडी क्रमांक लिहा. सहा महिन्यांनी सॅम्पलर हरवलेल्या फाइल्स मागू लागला की याचं महत्त्व कळतं.

मग एक कॉर्ड किंवा ड्रोन लावून ठेवा आणि दुसरं काहीतरी काम करत बसा. मुद्दाम ऐकू नका. वीस मिनिटांत जितक्या वेळा तुमचं लक्ष आपोआप आवाजाकडे जाईल तितक्या वेळा घड्याळ बघून वेळ लिहा. नोंदींमधलं अंतर सारखं आलं तर लूपमध्ये खुर्ची आहे, लूपची लांबी त्या अंतराशी ताडून बघा. अंतर वाकडंतिकडं असेल आणि प्रत्येक वेळी आवाज जरा उजळ वाटला असेल, तर फिल्टरच्या एलएफओची खोली कमी करा. कान दुखला म्हणून लक्ष गेलं असेल तर दोन ते चार किलोहर्ट्झमध्ये दोन डेसिबल उतरवा. आणि वीस मिनिटांनंतर कागद कोराच असेल, तर एकदा व्हॉल्यूम चालू आहे ना तेवढं बघा. माझा एकदा नव्हता.